निळी टिक, तांबडी फुली

मी एकदा एक जिवंत बाई अस्तित्वातच नाही असं सिद्ध करून दाखवलं होतं. लेखी. मध्ये कार्बन घालून, तीन प्रतींत. मूर्खपणा पुष्कळ जण करतात, पण स्वतःच्या मूर्खपणाची एक प्रत तहसील कचेरीत, एक प्राचार्यांकडे आणि एक घरच्या ट्रंकेत जपून ठेवणारी माझ्या पाहण्यात तरी मीच.

आता ह्या कागदाचा मान बघा. मी व्यवस्थापन संस्थेची डीन म्हणून निवृत्त झाले तेव्हा सत्काराच्या सभेत माझ्या कारकिर्दीची यादी वाचली गेली. वित्त विषयाची प्राध्यापक, विभागप्रमुख, अमुक समिती, तमुक मंडळ. पण यादीतली पहिली ओळ होती ती अशी: नोकरीच्या पहिल्याच वर्षी दुष्काळी कामांच्या हजेरीपटांची तपासणी करून शासनाची प्रशंसा मिळवली. टाळ्या झाल्या. मीही मान हलवली. शाल सारखी घसरत होती, ती सावरण्यात तो वेळ निभावला.

त्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

पुण्याहून एम.कॉम. पहिल्या वर्गात. नगरच्या कॉलेजात वाणिज्य विभागात सगळे पुरुष आणि मी एकटी बाई. आई नव्हती. वडील भिंगारला लष्कराच्या डेपोत नागरी कारकून होते आणि त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं राहायचो. तिथून मी सायकलवर कॉलेजला यायची, निऱ्यांना पिन लावून, मान ताठ करून. जुन्या बाजारातले दुकानदार बघत राहत. मला वाटे, विद्वत्तेकडे बघताहेत.

पर्समध्ये लाल-निळी पेन्सिल असायची. एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला तांबडी. डेपोतून वडिलांनी आणून दिलेली. बरोबर असेल तिथं निळी टिक, चूक असेल तिथं तांबडी फुली. जगात तिसरं काही असतं असं माझ्या डोक्यात यायला बरीच वर्षं गेली.

मुलांना मी नावानं ओळखत नसे, नंबरानं ओळखे. चेहरा लक्षात ठेवला की पक्षपात होतो, असं माझं मत होतं. हे मत मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं कोण जाणे. बहुतेक मीच काढलेलं असावं. पहिल्या वर्षाच्या वर्गात मुली थोड्याच. त्यांतली एक्केचाळीस नंबरची मुलगी खिडकीजवळच्या बाकावर बसायची. पूर्वेकडच्या एका गावातून आलेली, नगरात आत्याकडे राहून शिकणारी. दोन वेण्या, इस्त्री नसलेली पण स्वच्छ साडी. वर्षभरात मला वर्गात प्रश्न विचारणारी तीच एक. मी घसारा शिकवत होते. यंत्र जुनं होतं तशी दरवर्षी त्याची किंमत कमी धरायची, वगैरे. ती उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मॅडम, बैलाचा घसारा काढतात का? आणि त्याला वैरणच मिळाली नाही त्या वर्षी काय धरायचं?"

वर्ग हसला. मीही हसले. म्हणाले, बैल परीक्षेला नाहीये, खाली बस. ती बसली. ह्या उत्तराचा मला दिवसभर अभिमान वाटत होता. घरी जाऊन वडिलांनासुद्धा सांगितलं.

तो बहात्तरचा दुष्काळ. त्याआधीची वर्षंही ओढाताणीचीच गेली होती, पण त्या साली पूर्वेकडच्या तालुक्यांत पेरलेलं उगवलंच नाही. दिवाळीपासून वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. मुलं गावी गेली ती परतली नाहीत. कुणी खडी फोडायला, कुणी तलावाच्या मातीकामाला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण मी रोज न चुकता हजेरी घेई आणि न आलेल्यांपुढे तांबडी फुली मारी. हजेरी पुरी भरली नाही तर टर्म मिळत नसे आणि टर्म नाही तर परीक्षेला बसता येत नसे. एक्केचाळीससमोर सलग फुल्या पडत गेल्या. एकदा मी वर्गात म्हटलंही, बैलाची काळजी करणाऱ्या बाई दिसत नाहीत हल्ली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. वर्ग आता रसिक राहिला नाही, असं मला वाटलं.

संक्रांतीनंतर तहसील कचेरीचं पत्र आलं. दुष्काळी कामांच्या मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, खोटी नावं घुसवल्याच्या तक्रारी येत होत्या. कचेरीत माणसं कमी. तेव्हा वाणिज्य विभागातल्या कुणीतरी जाऊन अचानक तपासणी करावी. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी हात वर केला.

जीप पाथर्डीच्या अंगाला तीन तास चालली होती. वाटेत पाण्याच्या टँकरमागे हंड्यांची रांग आणि रस्त्याच्या कडेला हाडं. काम पाझर तलावाचं होतं. उघड्या माळावर शेकडो माणसं विखुरलेली, पण आवाज एकच, दगडावर पडणाऱ्या हातोड्यांचा. बायांनी बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, धुळीसाठी तोंडावरून पदर ओढलेले. बाभळीच्या तुकड्याएवढ्या सावलीत तान्ही पोरं ओळीनं निजवलेली. जेवणवेळेला वाटायच्या सुकडीचं पोतं एकीकडे, त्यावर राखणीला एक म्हातारा.

मी पाणी मागितलं. एका बाईनं तिच्या तांब्यातलं दिलं. मी ते अर्धं पिऊन अर्ध्यानं तोंड धुतलं. हे लिहिताना आजही हात थांबतो. पण लिहायचंच ठरवलं आहे तर हेही येऊ दे.

मस्टर कारकून पोरगेलासा, घाबरट. मुकादम मात्र पोट सुटलेला, गोडबोल्या. त्यानं माझ्यासाठी घोंगडी अंथरली. मी वडिलांचं भिंग बाहेर काढलं. माझी पद्धत अशी होती: मजूर दर आठवड्याला पगाराच्या वेळी आपल्या ओळीत अंगठा देतो. पहिल्या आठवड्याचा अंगठा घ्यायचा आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याच ओळीत तोच आहे का बघत जायचं. अंगठा बदलला की माणूस बदलला. शिवाय प्रत्येकाला समोर बोलावून हजेरी घ्यायची. इतकी साधी, इतकी बिनतोड पद्धत आजवर कुणाला सुचली कशी नाही, ह्याचं मला नवल वाटत होतं.

पहिल्या टोळीच्या बारा ओळींना निळ्या टिका झाल्या. तेराव्या ओळीला नाव आखूड, दोन-अडीच अक्षरांचं, आणि पुढे मुकादमाचंच आडनाव. मी भुवया उंचावून विचारलं, हा तुमचा कोण? मुकादम म्हणाला, "घरचाच हाय, बाई. लई कष्टाळू. तोंडातून शब्द काढत न्हाई." आसपासच्या बाया पदराआड हसल्या. मला वाटलं, घरच्या माणसाचं कौतुक ऐकून हसताहेत. तेवढ्यात पलीकडच्या खाणीकडून तांबडं मुंडासं बांधलेला एक दणकट गडी धावत आला आणि "हाजिर" म्हणाला. अंगठे पाहिले. पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत एकच ठसा, भरदार, स्वच्छ, शाई कुठं पसरलेली नाही. असा नमुनेदार कागद मला अख्ख्या मस्टरवर दुसरा दिसला नाही. मी टिक जरा मोठीच केली.

दोन ओळी सोडून एका बाईचं नाव होतं, वय पन्नासच्या पुढचं. नाव पुकारल्यावर पुढे आली ती ताठ अंगाची, बारीक पोरगी. पदर नाकापर्यंत. डोळे खाली. मी मस्टरवर भिंग धरलं. सुरुवातीच्या आठवड्यांचे अंगठे एक होते आणि मागच्या तीन आठवड्यांचे वेगळेच.

सापडलं.

मला झालेला आनंद आज शब्दांत सांगायची लाज वाटते. मी विचारलं, हे नाव तुझं? तिनं पदर आणखी खाली ओढला. पुन्हा विचारलं. मान हलवून नाही म्हणाली. शेजारची एक वयस्क बाई पुढे झाली.

"तिची आय हाय त्या नावाची. तापानं पडलीया, बाई. नाव कापलं तर पुना लागत न्हाई, मागं शंभर जणी टपून हायेत. म्हून पोरगी येती तिच्या जागी. काम पुरं करती."

मी म्हटलं, मग तशी नोंद कुठे आहे? कारकून हळूच म्हणाला की आई खरंच आजारी आहे, तो स्वतः घरी जाऊन पाहून आलाय. मी म्हटलं, तुम्ही काय पाहिलंत ते मला नको, कागदावर काय आहे ते सांगा. मी मुलीला कोऱ्या कागदावर अंगठा द्यायला लावला. तिनं चिंधी सोडून हात पुढे केला. अंगठ्यावर दगडाच्या चिरा होत्या, ठसा तुटक आला. त्याच हाताच्या मधल्या बोटाला, टोकाजवळ, आतल्या बाजूनं एक बारीक घट्टा होता. तो मी पाहिला. तसा माझ्याही बोटाला आहे. लेखणीचा. हातोड्यानं तिथं घट्टा पडत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण मी अंगठा तपासत होते, मुलगी नव्हे.

मी नावासमोर तांबडी फुली मारली. मुलीनं चिंधी पुन्हा बोटाला गुंडाळली, आपला हातोडा उचलून कारकुनापुढे ठेवला आणि माळावरून चालायला लागली. पाठमोरी पाहूनही मला काही वाटलं नाही. त्या पाठीवर वेण्या नव्हत्या ना.

अहवाल मी त्याच रविवारी क्वार्टरच्या ओट्यावर बसून लिहिला. संपूर्ण मस्टरवर बनावट नाव एक आढळले. सदर नावाची व्यक्ती कामावर अस्तित्वात नाही. नाव तात्काळ कमी करावे व कारकुनास समज द्यावी. मग वाटलं, आपण अगदीच कठोर दिसतो आहोत. तेव्हा शेवटी एक वाक्य घातलं: "मूळ मजूर प्रत्यक्ष कामावर हजर झाल्यास तिचे नाव पुन्हा दाखल करण्यास हरकत नसावी." ह्या वाक्यावर मी इतकी खूश झाले की वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. न्याय आणि वर दया, दोन्ही एका कागदात.

वडील तीस वर्षं कागदच करत आलेले. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला, अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि मग विचारलं की ती आजारी बाई कामावर हजर कशी होणार. मी म्हटलं, ते त्यांचं ते बघतील. ते भिंग कापडात गुंडाळून उठले. त्या भिंगाला त्यानंतर त्यांनी मला हात लावू दिला नाही. मला वाटलं, म्हातारपण.

पुढचं सगळं सरळ झालं. कचेरीकडून शाबासकीचं पत्र आलं. प्राचार्यांनी ते माझ्या फाइलीला लावलं. त्या पत्राच्या जोरावर मी वर्षाच्या आतच कायम झाले, मग शिष्यवृत्ती मिळाली, मग डॉक्टरेट, मग मोठ्या शहरातली संस्था, काचेची केबिन, दारावर पाटी. कुठल्याही मुलाखतीत समोरचा माणूस फाइल उघडायचा आणि पहिलाच कागद पाहून म्हणायचा, अरे वा.

एक कागद मात्र जायचा राहिला. राहिला म्हणजे मी पाठवला नाही. माझ्या अहवालात चूक झाली आहे, एका नावाबाबत अन्याय झाला आणि दुसरीकडे लबाडी नजरेतून सुटली, अशी दुरुस्ती मी लिहिली होती. लिहून प्राचार्यांना दाखवली. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, एक चूक कबूल केलीत की सगळाच अहवाल संशयाचा ठरेल, आणि तुम्हाला कायम करण्याची बैठक पुढच्या महिन्यात आहे, जरा थांबा. मी थांबले. अजून थांबलेलीच आहे. मसुदा ट्रंकेत आहे, मूळ अहवालाच्या खाली.

डीन झाल्यावर हजेरी कमी भरलेल्या कुठल्याही मुलाचा अर्ज आला की मी सही करून टाकत असे. मुलं मला भोळी समजत आणि मागून नकला करत. करू देत. माझ्या वर्गात मी तपासणी शिकवायची तेव्हा इतकंच सांगायची की जी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ दिसते तिथं थांबा. मुलं लिहून घेत. हे बाईंना कुठं कळलं, असं कुणी विचारलं नाही. परवा नातीनं विचारलं. ती हल्ली हेच शिकते. तिला सांगितलं, कॉलेजात. खोटं नव्हतं ते.

कारण ते मला स्टाफरूममध्येच कळलं. चैत्र लागला होता, परीक्षेच्या फॉर्मांची गडबड चालली होती. माझ्या टेबलापुढे एक मुलगी येऊन उभी राहिली. कॉलेज सोडल्याचा दाखला हवा होता, त्याआधी वर्गशिक्षकांची सही लागते. फॉर्मवर नंबर पाहिला. एक्केचाळीस. मान वर न करताच मी सुरू झाले: महिनोन्महिने पत्ता नाही, आणि आता थेट दाखला? होतात कुठं इतके दिवस? हुशार मुलगी, वर्ष फुकट घालवलंत.

ती म्हणाली, "मॅडम, मी तलावावर होते. तुम्ही आला होता की."

तेव्हा मी मान वर केली.

मग तिनं सांगितलं, अगदी वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं, क्रमानं. घरात ती आणि आई दोघीच. आईच्या नावावरची रोजी आणि सुकडी, त्यावर दोघी जगत होत्या. नाव कापल्यावर दोन आठवडे तिनं दुसऱ्या कामांवर नाव लागतं का पाहिलं. कुठं लागलं नाही. मग कारकून घरी आला. तो चांगला होता. त्यानं माझ्या अहवालातलं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, मूळ मजूर प्रत्यक्ष हजर झाल्यास. आई अंथरुणातून म्हणाली, म्हणजे मी गेले की झालं.

शेजाऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून, पडू नये म्हणून लुगड्यानं बांधून, तिला माळावर नेलं. कारकुनानं तिच्यादेखत नाव पुन्हा लिहिलं. अट अशी की तिनं रोज दिसलं पाहिजे. ती हातात हातोडा घेऊन उन्हात बसायची आणि लेक शेजारी बसून दोघींच्या वाटची खडी फोडायची. चार दिवस. पाचव्या दिवशी टँकर आला तेव्हा सगळ्या उठल्या, आई उठली नाही. चार दिवसांची रोजी आठवड्याच्या बाजारी मिळाली. त्या वेळी ओळीत अंगठा लेकीनंच दिला. कुणी हरकत घेतली नाही.

हे सांगताना ती रडली नाही. तिनं सहीसाठी फॉर्म माझ्याकडे थोडा सरकवला.

मी म्हणाले, मी तुला ओळखलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, मलाच लाज वाटत होती. मग मी सही केली. हाताला काहीतरी काम मिळालं. आणि सही करता करता, कुणी विचारलं नसताना, चोवीस वर्षांच्या त्या शहाण्या बाईनं स्वतःची बाजू मांडली. माझा आवाज मला अजून ऐकू येतो, थोडा चिडका, थोडा रडवेला. मी म्हणाले, "हे बघ, मी मुद्दाम तुझ्या आईला धरलं नव्हतं. नियम सगळ्यांना एकच होता. त्या टोळीत मी सगळ्यांना तपासलं, एकालाही सोडलं नाही."

तिनं फॉर्म उचलला, शाई वाळावी म्हणून जरा हवेत धरला. कॉलेजात ती मला नेहमी मॅडम म्हणायची आणि पुस्तकातल्यासारखं बोलायची. ह्या वेळी ती तिच्या गावासारखं बोलली.

"सगळ्यांना कुटं, बाई. तेराव्या ओळीला मुकादमाचा बैल हुता. दिवाळीच्या आदीच मेला त्यो, गुरांच्या छावणीत. त्याला तुमी निळी टिक केली."